कल्हईवाल्याच्या घरचा श्वास

मार्च लागला की ट्यूनिसजवळच्या नाबुलमधल्या बायका फुलांचा अर्क उतरवायची भांडी माळ्यावरून खाली काढत आणि हमादी कल्हईवाल्याचं तोंड सुटे. एरवी हा माणूस दिवसभरात दहा शब्द बोलेल तर शपथ. पण कुणी हिरवट डाग पडलेलं तांब्याचं भांडं, त्याचं झाकण आणि ती हातभर लांब नळी घेऊन दुकानाच्या पायरीवर आली, की त्याच्या अंगात येई.

"ही नळी आहे की गटार?" तो नळीला डोळा लावून विचारी. "गेल्या साली फुलं उकळलीस आणि तशीच ठेवून दिलीस ना?"

"धुतली होती हो, हमादीकाका."

"पाणी दाखवलं होतंस. धुणं वेगळं असतं, बाळे."

मग नळीत तार, तारेला चिंधी, चिंधीला राख आणि बारीक वाळू. काळं पाणी निघे, हिरवं निघे, मग पांढरं. शेवटी तो एका टोकाला तोंड लावून फुंकी आणि दुसऱ्या टोकाशी तळहात धरी. हवा सरळ आली तरच नळी बाईच्या हातात. भांड्याची कल्हई हे त्यानंतरचं काम. भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथिल फिरवायचं आणि आतून लख्ख झालं की पाण्यात बुडवायचं. चाळीस वर्षं त्याने हे केलं आणि कधी हयगय केली नाही. पुढे जे झालं तेही हयगयीने झालं नाही, हेच तर वाईट.

त्याची बायको बेया. हमादीने भांडं लख्ख करावं आणि बेयाने त्यात कडू नारिंगाच्या फुलांचं पाणी उतरवावं, असा त्या घराचा संसार. फुलांचं पाणी घरोघरी काढतात, त्यात काही नवल नाही. पण नळीतून पडणारं पाणी केव्हा थांबवायचं हे कळणारं नाक घरोघरी नसतं. पहिल्या सुरईत उतरतं ते खरं पाणी: कॉफीत घालायला, तापकरी पोराच्या कपाळावर चोळायला, लग्नात पाहुण्यांवर शिंपडायला. दुसरी सुरई मिठायांसाठी. त्यापुढे जे येतं त्याला उकडलेल्या पाल्याचा वास मारतो, आणि ते पहिल्या सुरईत चमचाभर जरी गेलं तरी सगळी सुरई वाया. बेया नळीच्या तोंडाशी वाकायची, थेंब बोटावर घ्यायची, नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "बस. बदला." गल्लीतल्या सात घरांची फुलं तिच्या अंगणात यायची ती या दोन शब्दांसाठी.

आणि तेही अर्ध्या नाकावर. नऊ वर्षांची असताना ती नारिंगाच्या झाडावरून तोंडावर पडली होती. तेव्हापासून नाकातला पडदा डावीकडे कललेला, डावी नाकपुडी नावाला. सगळा कारभार उजवीचा.

"एका नाकपुडीवर सात घरं चालवतेस," हमादी चिडवायचा. "दोन असत्या तर ट्यूनिसच चालवलं असतंस."

"दोन असत्या तर तुझ्याशी लग्न केलं नसतं," ती म्हणायची. "नवसागराचा वास आला असता ना."

रोज सकाळी ती त्याला कॉफी द्यायची आणि त्यात आपल्या पाण्याचे दोन थेंब टाकायची. कप हातात देऊन तिथेच उभी राहायची. "आला का?" तो कपावर वाकून डोळे मिटायचा. "आला," म्हणायचा. "यंदाचा गेल्या सालापेक्षा गोड आहे." मग ती आपल्या कामाला जायची. तीस वर्षांत हे एका सकाळी चुकलं नाही.

पन्नाशी ओलांडली आणि बेयाची उजवी नाकपुडीही भरू लागली. आधी थंडीत, मग बारा महिने. पाठीला चार उशा लावून बसल्या बसल्या झोपायची, तोंड उघडं टाकून, आणि सकाळी जीभ लाकडासारखी व्हायची. शेजारणींनी आपली विद्या पाजळलीच. कुणी म्हणालं नाकाचं हाड वाढलंय, कुणी म्हणालं नजर लागली, कुणी गरम ऑलिव्ह तेल सोडायला सांगितलं. शेवटी हमादी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे डॉक्टर आमेल म्हणून एक तरुण बाई होती. हमादीला आधी तिचं वय बघून भरवसा वाटेना, पण तिने औषधाच्या कागदाच्या मागे पेनने नाक काढून दाखवलं, तेव्हा तो पुढे सरकून बसला. चित्र काढून समजावणारी माणसं त्याला आवडायची.

"हा मधला पडदा," ती म्हणाली. "मावशींचा डावीकडे कललाय. म्हणून उजवीकडे जागा जास्त झाली. बाजूच्या भिंतीवर या मांसाच्या घड्या असतात, सगळ्यांनाच असतात. त्यांनी बघितलं, इकडे जागा रिकामी आहे. मग उजवीकडची घडी वाढत गेली आणि ती जागा भरून बसली."

"म्हणजे घाण साचली," हमादी म्हणाला.

"घाण नाही, काका. शरीराने आपलं आपण काम केलं. पडदा सरळ करीन. घडीचं अगदी थोडं कापीन. उरलेलं हळूहळू मागे सरेल."

ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. पट्ट्या निघाल्या त्या दिवशी बेयाने नऊ वर्षांची असल्यापासून पहिल्यांदा डाव्या नाकपुडीने श्वास घेतला आणि दवाखान्याच्या बाकावर बसून हसत सुटली. "हमादी, इकडूनही जग आहे रे!" पण महिना गेला, दोन गेले, आणि उजवी मात्र पूर्वीपेक्षा घट्ट झाली. पडदा सरळ होऊन मधे आला, आणि उजवीकडची ती वाढलेली घडी अजून तिथेच बसलेली.

"धीर धरा," डॉक्टर आमेल म्हणाली. "सहा महिने, कदाचित वर्ष. उतरेल ती."

धीर धरायला बेया तयार होती. हमादी नव्हता. उजवी नाकपुडी म्हणजे तिची कामाची नाकपुडी, आणि मार्च तोंडावर आलेला. शिवाय रोज दुपारी ती झोपेत गुदमरून दचकायची आणि शेजारी पडलेला तो उठून बसायचा. चाळीस वर्षं हा माणूस नळ्या मोकळ्या करत आला होता, आणि घरातली एक नळी त्याच्या डोळ्यांदेखत तुंबून पडली होती. हे त्याच्याने बघवेना.

जानेवारीत त्याने तिला सूसच्या रस्त्यावरच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर मोठा, हसरा, घाईतला. बेयाला आत नेल्यावर हमादीने त्याला दारातच गाठलं.

"डॉक्टरसाहेब, पहिल्या बाईने अर्धवट ठेवलंय. तुम्ही ठेवू नका. दोन्ही बाजू साफ करा, पार मुळापर्यंत. मी कल्हईवाला आहे, नळ्यांचं मला कळतं. आत निम्मं ठेवलं की पुन्हा तुंबतं."

डॉक्टर हसला. "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असली तर आमचं काम सोपं आहे," म्हणाला, आणि आत गेला.

सांगितलं तसंच झालं. दोन्ही बाजूंच्या घड्या गेल्या. फेब्रुवारीत जखमा भरल्या तेव्हा हमादीने टॉर्च धरून स्वतः आत बघितलं. दोन्हीकडे मोकळा रस्ता. घशापर्यंत दिसत होतं. त्याला इतका आनंद झाला की त्याने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"श्वास घे," तो म्हणाला.

तिने घेतला. मग पुन्हा घेतला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला आधी कळलंच नाही.

"येत नाही," ती म्हणाली.

"अगं, येत नाही कसा? एवढं मोकळं आहे!"

"मोकळं आहे. पण येत नाही. हमादी, आत काही जातच नाहीये."

आता हे कुणाला पटावं? छाती वर होत होती, खाली होत होती. तो दुकानातून नुकतंच कल्हई केलेलं एक झाकण घेऊन आला आणि त्याची लख्ख बाजू तिच्या नाकाखाली धरली. झाकणावर वाफ धरली.

"बघ! येतोय की!"

बेयाने झाकणाकडे बघितलं. "झाकणाला कळतोय," ती म्हणाली. "मला कळत नाही."

मग रोजच हे सुरू झालं. नाक आतून सुकायचं, खपल्या धरायच्या, खपल्यांबरोबर रक्त यायचं. पडलं की तिला वाटायचं आपला श्वास थांबला, आणि ती उठून अंगणात धावायची. मुलगी दलेंदा स्फॅक्सहून आली, दोन दिवस राहिली आणि बापाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आईचं नाक ठीक आहे. मन ठीक नाही. तिला कुणाला तरी दाखवा." हमादीलाही तसंच वाटत होतं. त्याने मान डोलावली. बेया दाराशी उभी होती, तिने ती मान बघितली. त्यानंतर तिने श्वासाबद्दल तक्रार करणं बंद केलं. आणि त्या माणसाला वाटलं, बरं वाटतंय तिला!

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली. मार्चच्या अखेरीस, वसीला फुलांची गाठोडी घेऊन येणार त्याच्या आदल्या दिवशी. वसीला ही पलीकडच्या घरची, बेयाची लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या मुलीचं उन्हाळ्यात लग्न होतं आणि लग्नात शिंपडायचं पाणी बेयाच्याच हातचं हवं असा तिचा हट्ट.

"मला वास येत नाही, हमादी. आजकालचं नाही हे, दुसऱ्या वेळच्या पट्ट्या काढल्यापासूनच. फुलांत तोंड घालून बघितलं. काही नाही."

हमादीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"वसीलाला सांगू नको. मी नळीपाशी बसेन, नेहमीसारखी. तू पाठीमागे थांब. थेंब तुला देईन, तू नुसती मान हलव. माझं पाणी तू रोज पितोस. तुझ्याइतकं कुणाला कळणार?"

त्याच क्षणी त्याने बोलायला हवं होतं. नाही बोलला.

दुसऱ्या दिवशी अंगणात चूल पेटली, भांडं चढलं, वाफ निवावी म्हणून झाकणावर थंड पाणी ओतलं, आणि नळीतून थेंब पडू लागले. वसीला समोरच्या पायरीवर लेकीच्या होणाऱ्या सासरची उणीदुणी काढत बसली होती. बेया नळीपाशी, हमादी तिच्या मागे. ती बोट मागे करायची, तो त्यावर वाकायचा आणि मान आडवी हलवायचा. बेया दरवर्षी झाकणावरचं तापलेलं पाणी सात वेळा बदललं की थांबायची, हे त्याने बघितलेलं होतं. तो सात मोजत होता. पण यंदा फुलं उशिरा तोडलेली, उमलून पातळ झालेली. सातव्या पाण्यापर्यंत त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. सात झाल्यावर त्याने मान उभी हलवली.

"बस. बदला," बेया म्हणाली.

वसीलाने पहिली सुरई उचलली, तळहातावर थोडं ओतून घेतलं आणि नाकाशी नेलं. तिचं बोलणं तिथेच थांबलं. मग ती घाईघाईने म्हणाली, "छान आहे हो. छान उतरलंय." आणि तळहात अंगावरच्या चादरीला पुसला.

लहानपणापासून ओळखणाऱ्या बाईचं तोंड बेयाला वाचता येत होतं. वसीला सुरया घेऊन गेल्यावर ती हमादीकडे वळली.

"पाल्याचा वास होता ना त्याला?"

"मला... नाही वाटलं."

"तुला नाही आला? एवढा? तिने हात पुसला, हमादी. माझं पाणी तिने पुसून टाकलं!"

तो चुलीतली लाकडं नीट करू लागला. विझलेली लाकडं. मग तसाच खाली बघत म्हणाला, "मला वासच येत नाही."

"सर्दी झालीय?"

"पंचवीस वर्षं येत नाही. नवसागराच्या धुराने गेलं सगळं. आमच्या धंद्यात सगळ्यांचं जातं."

बेया त्याच्याकडे बघत राहिली. "आणि कॉफी?"

"तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचो. तू खूश दिसलीस की गोड म्हणायचो."

ती हसली. खरंच हसली, आणि हसता हसताच मटकन खाली बसली. "म्हणजे या घरात एकच नाक होतं," ती म्हणाली. "एकच. आणि ते तू कापून आणलंस."

दुसऱ्या दिवशी तो तिला डॉक्टर आमेलकडे घेऊन गेला. डॉक्टरने दिवा लावून आत बघितलं, आणि बराच वेळ दिवा तसाच धरून ठेवला.

"कुणी केलं हे?"

"मी," हमादी म्हणाला.

"तुम्ही?"

"मी करायला लावलं. सगळं काढा म्हणालो. मुळापर्यंत." बेयाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तिला हे माहीत नव्हतं. ती समजत होती, हमादीने तिथे नुसतं नेलं, जास्त कापायची चूक त्या डॉक्टरची.

"काका, मी सांगितलं होतं, ती घाण नव्हती," डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, थकला होता. "आत येणारी हवा तिथे ओली होते, गरम होते. आणि हवा आली, हे माणसाला कळतंही तिथेच. मावशींचा श्वास चालू आहे. पण तो कळवणारं आत कुणी उरलं नाही. त्या खोटं बोलत नाहीत आणि त्यांचं डोकंही फिरलेलं नाही."

बेयाने डोळे मिटून घेतले. दोन महिन्यांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं.

हमादी आपल्या हातांकडे बघत होता. नखांत कथिल बसलेलं. "म्हणजे ती कल्हई होती," तो म्हणाला.

"काय?"

"भांड्याला आतून असते ती. आम्ही नळी घासतो, पण भांडं नुसतं घासून कुणाला देत नाही. उघड्या तांब्यात ठेवलेलं सगळं नासतं. म्हणून आतून कल्हई करून देतो. चाळीस वर्षं तेच केलं." त्याने नखातलं कथिल अंगठ्याने खरवडलं. मग विचारलं, "पुन्हा चढवता येईल?"

"नाही, काका. मिठाचं पाणी, वाफ, तेल. त्याने त्रास कमी होईल. गेलेलं परत येणार नाही."

परतीच्या गाडीत आठ माणसं होती आणि कुणी तरी सगळा रस्ता टोमॅटोच्या भावावर बोलत होतं. घरी आल्यावर बेयाने अंगाभोवतीची चादर सोडून खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "तू माझ्यासाठीच केलंस, हे मला कळतं. म्हणून तर तुला शिवीही देता येत नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन ओरडले असते. आता कुणाच्या दारात जाऊ?"

ती स्फॅक्सला लेकीकडे निघून गेली. हमादी दुकान उघडून बसायचा आणि नळ्या घ्यायचा नाही. "भांडं असेल तर दे," म्हणायचा. "नळी दुसरीकडे ने." बायका चकित व्हायच्या. हमादीकाका आणि नळीला नाही म्हणतो? गल्लीत त्या वर्षी कुणी बेयाची आठवणही मोठ्याने काढली नाही. वसीलाने लग्नासाठी बाजारातून पाणी विकत आणलं आणि ते लपवून नेलं.

दीड महिन्याने बेया परत आली. लेकीच्या घरातलं गार हवेचं यंत्र तिचं नाक आणखी सुकवत होतं, असं तिने सांगितलं. त्याने जास्त विचारलं नाही. त्याने अर्काचं भांडं चुलीवर चढवलं, फुलांशिवाय, नुसतं पाणी, आणि झाकण न लावता. ती वाफेवर वाकून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "थोडा कळतो. अगदी थोडा." तेव्हापासून ते भांडं रोज चढतं. सात घरांसाठी अर्क उतरवलेलं भांडं आता साधं पाणी उकळतं. हमादी त्याची कल्हई दर महिन्याला करतो, गरज नसली तरी.

पण झोपेचं काय करायचं? डोळा लागला की तिला वाटायचं श्वास गेला. जूनमधल्या एका दुपारी, जेवण होऊन सगळी गल्ली आडवी झाली होती, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे लाल.

"ते झाकण कुठाय?" तिने विचारलं.

"कुठलं?"

"जे धरून माझ्याशी भांडला होतास ते."

त्याने आणलं. ती उशीवर आडवी झाली आणि म्हणाली, "धर. मला कळत नाही ना, तू बघ. श्वास चालू आहे तोवर सांग."

त्याने लख्ख बाजू तिच्या नाकाखाली धरली. वाफ धरली, गेली, पुन्हा धरली.

"येतोय," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

तिने एक डोळा उघडला. "कॉफीसारखं नाही ना सांगत?"

हमादीने झाकण वळवून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. कथलावर तिच्या श्वासाचा धुरकट गोल होता, कडेने विरत चाललेला. तिने तो पूर्ण विरेपर्यंत बघितला आणि डोळे मिटले.

आता हमादी दुपारी दुकान बंद ठेवतो. त्याचा हात दुखतो, मग तो हात बदलतो. झोप लागण्याआधी ती रोज तोच प्रश्न विचारते, आणि तो रोज झाकण वळवून दाखवतो. नुसत्या त्याच्या शब्दावर ती अजून झोपलेली नाही.